सोप्या भाषांची यादी आपल्यासाठी नाही

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची प्रशिक्षण संस्था आहे. परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांना तिथे भाषा शिकवतात. कोणत्या भाषेला वर्गात किती आठवडे लागतात, याची यादी ही संस्था प्रसिद्ध करते. स्पॅनिश आणि फ्रेंचला सुमारे ३०, जर्मनला ३६, तर जपानी, कोरियन, चिनी आणि अरबीला ८८. ‘जगातल्या सगळ्यांत सोप्या भाषा’ म्हणून इंटरनेटवर जे काही फिरतं, ते बहुतेक याच यादीचं नातवंड असतं.

त्या यादीत हिंदीही आहे, ४४ आठवड्यांवर. म्हणजे जर्मनपेक्षा अवघड!

यादी खोटी नाही. ती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या अनुभवावरून केलेली आहे, इतकंच. मराठी माणसाने तिच्यावरून भाषा निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने चप्पल घेणं. आपला हिशेब आपल्याच भाषेवरून मांडावा लागतो: मराठीने काय फुकट दिलंय आणि काय मुळीच दिलेलं नाही. जे फुकट मिळालं त्यावर वेळ घालवायचा नाही, जे मिळालं नाही त्यावर सगळे तास ओतायचे. खाली जपानी, जर्मन आणि कन्नड या तीन भाषांचा असा हिशेब मांडला आहे. एक परीक्षेची, एक नोकरीची, एक शेजारची. यांतली प्रत्येक मराठी आणि इंग्रजीनंतर ठरवून शिकायची ‘तिसरी’ भाषा म्हणून घेतली आहे. हिंदी कानावर असतेच, म्हणून ती मोजलेली नाही.

आधी हेतू, मग भाषा

‘मला जर्मन शिकायचंय’ हा हेतू होत नाही. कोणाशी, कशावर आणि कधीपर्यंत बोलता यायला हवं, हे एका वाक्यात लिहा. युरोपीय भाषांसाठी ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत आणि कामाप्रमाणे पायरी बदलते. जर्मन नागरिक असलेल्या जोडीदाराकडे जायचं असेल, तर व्हिसासाठी साधारणपणे ए-१ मागतात. परिचारिकेच्या पदवीला तिथे मान्यता मिळवायची तर बी-२ लागते. जर्मन माध्यमातून विद्यापीठात शिकायचं तर सी-१च्या आसपास. (हे नियम बदलत असतात. दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजे नियम पाहावेत, क्लासच्या पत्रकावर नव्हे.)

आता तास. भारतात मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे बी-२ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांचे ६०० ते ८०० तास लागतात. घड्याळाने मोजले तर ४५० ते ६००, आणि हे फक्त वर्गातले. घरचा अभ्यास निदान तेवढाच धरा. रोज दीड तास देणाऱ्याला ९०० तासांसाठी ६०० दिवस लागतील. ‘सहा महिन्यांत बी-२’ ही जाहिरात खरी ठरू शकते, पण रोज पाच तास देणाऱ्यांसाठी. कंपनीतून आठ वाजता घरी येणाऱ्यांसाठी नाही.

जपानी: व्याकरण घरचं, लिपी परकी

अमेरिकन यादीत तळाशी असलेली ही भाषा मराठी माणसाला पहिल्या महिन्यात ओळखीची वाटते, आणि तो भास नसतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. नामाला जे जोडायचं ते मागून जोडतात: ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘मो’ म्हणजे आपला ‘ही’. वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावला की आपला ‘ना’ होतो: ‘इइ देसु ने’, छान आहे ना.

याहून गंमत क्रियापदांची आहे. ‘खाऊन बघ’ यात ‘बघ’चा डोळ्यांशी काही संबंध नाही. जपानीतही ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणे’ आणि अर्थही तोच. ‘विसरून गेलो’ मधल्या ‘गेलो’सारखं ‘शिमाउ’ हे क्रियापद आहे: ‘वासुरेते शिमात्ता’. ‘घरी जाऊन, जेवून झोपलो’ ही आपली ऊन-ऊनची माळ जपानीत ‘ते’ लावून जशीच्या तशी होते. ‘काल आलेला माणूस’ म्हणजे ‘किनोऽ किता हितो’: आधी काल, मग आलेला, मग माणूस. ‘जो’ नाही, ‘तो’ नाही. इंग्रजीतून शिकणारे या वाक्यरचनेशी आठवडेच्या आठवडे झगडतात.

म्हणूनच इंग्रजी पाठ्यपुस्तक वापरलं तरी मनातल्या मनात मराठीतून जावं. ‘आय लाइक सुशी’ असा विचार केला की सुशी कर्म होते आणि हात ‘ओ’ या कर्माच्या प्रत्ययाकडे जातो. ते चूक. ‘मला सुशी आवडते’ असा विचार केला, तर सुशी ही आवडणारी वस्तू, म्हणजे कर्ता, आणि ‘सुशी गा सुकी’ मधला ‘गा’ आपोआप येतो. ‘मला जपानी समजतं’चंही तसंच: ‘निहोंगो गा वाकारु’. ‘वा’ आणि ‘गा’ या दोन प्रत्ययांतला फरक हा जपानी शिकणाऱ्यांचा जुना ताप आहे. पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही, पण पहिल्या वर्षापुरती एक मराठी युक्ती चालते. ‘मी तर जाणार’ असा सूर असेल तर ‘वा’, ‘मीच जाईन’ असा असेल तर ‘गा’.

वर्णमालासुद्धा ओळखीची निघते. जपानी कोशाचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासासाठी सिद्धम् लिपी नेली, तिच्या वर्णक्रमावरून हा क्रम बसला. ‘सा’च्या जागी पूर्वी च-वर्गाजवळचा आणि ‘हा’च्या जागी प-वर्गातला उच्चार होता, हे लक्षात घेतलं की क-च-त-न-प-म-य-र-व असा आपलाच क्रम दिसतो. उच्चारांतही एक देणगी आहे. ‘त्सु’ हा आवाज इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला जमत नाही. आपल्याकडे तो ‘चूल’ आणि ‘चोर’ मधला च आहे. ‘चहा’तला नव्हे. ‘त्सुनामी’तला त्सु चुलीतल्या चूसारखा म्हटला की झालं.

इथवर फुकटचं. आता बिल.

हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. रोज पाच घेतली तर तीन आठवड्यांत दोन्ही होतात. खरा डोंगर कांजींचा, म्हणजे चिनीतून घेतलेल्या अक्षरचिन्हांचा. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या अधिकृत यादीत २०१० पासून २,१३६ कांजी आहेत, आणि जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्यातल्या १,०२६ शिकतात. शिवाय एका कांजीचे दोन-तीन उच्चार. पण या गोष्टीने घाबरू नये, कारण मराठीत आपण हेच करतो. सुटं असताना ‘पाणी’ म्हणतो, जोडशब्दात ‘जल’: जलतरण, जलसंपदा. जपानीत पाण्याची कांजी सुटी असेल तर ‘मिझु’, जोडशब्दात ‘सुइ’. पोहण्याला म्हणतात ‘सुइएइ’, म्हणजे जलतरणच! घरचा शब्द एकटा, बाहेरून आलेला शब्द जोडीत. कांजी सुटी पाठ केली तर महिन्यात विरघळते, म्हणून ती दोन शब्दांत बसवूनच लिहावी.

मराठी माणसाचा कान जिथे हमखास फसतो ती जागा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो, पण बोलताना ‘इ’ आणि ‘ई’ने अर्थ बदलत नाही, म्हणून कानाला सवय नाही. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ ही इमारत, ‘बीऽरु’ ही बिअर. दीर्घ स्वराला पूर्ण दोन मात्रा द्याव्या लागतात. बोटांनी टिचक्या मोजत म्हणणं हा उत्तम उपाय आहे. जोडाक्षराचा त्रास मात्र होत नाही. ‘किते’ (येऊन) आणि ‘कित्ते’ (टपाल तिकीट) हा फरक ‘पता’ आणि ‘पत्ता’ म्हणणाऱ्याला लगेच ऐकू येतो.

जर्मन: नपुंसकलिंगाची ओळख, ‘ला’चा घोळ

डेर, डी, डास. इंग्रजीवाले इथे कपाळाला हात लावतात, हिंदीवाले तिसऱ्यापाशी अडतात. तो-ती-ते बोलत वाढलेल्याला कल्पना नवी नाही. मूल, पुस्तक, घर, पाणी हे चारही मराठीत नपुंसक आणि जर्मनमध्येही: डास किंड, डास बूख, डास हाउस, डास वासर. पण हा योगायोग आहे, त्यावर विसंबू नका. दार जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, झाड पुल्लिंगी, आणि सूर्य चक्क स्त्रीलिंगी. मराठीने लिंगाची जाणीव दिली, लिंगं दिली नाहीत. वहीत ‘बूख’ असं कधीच लिहू नका. ‘डास बूख, डी ब्यूशर’ असं लिंग आणि अनेकवचन यांच्यासकट लिहा. नुसते पाठ केलेले पाचशे शब्द पुन्हा लिंगांसकट पाठ करायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ जातो, कारण आधी चुकीची सवय मोडावी लागते.

आकड्यांतही आपण नशीबवान. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, एक-आणि-वीस. एकक आधी, दशक नंतर, आपल्या एकवीस-पंचवीससारखंच. एकोणतीसची भानगड तर त्यांच्याकडे नाहीच. शब्दातला ‘त्स’ पुन्हा चुलीतलाच: वेळ म्हणजे ‘त्साइट’, रेल्वे म्हणजे ‘त्सूक’.

विभक्तीत मात्र मराठी एका हाताने देते आणि दुसऱ्याने काढून घेते. देते ती अशी: ‘मला गार वाटतंय’ हे जर्मनमध्ये ‘मिर इस्ट काल्ट’, शब्दशः ‘मला गार आहे’. ‘मला पुस्तक आवडतं’ म्हणजे ‘मिर गेफेल्ट डास बूख’. इंग्रजीतून विचार करणारा ‘इश बिन काल्ट’ म्हणतो आणि त्याचा अर्थ होतो, मी थंड स्वभावाचा माणूस आहे. काढून घेते ती अशी: आपला ‘ला’ कर्मालाही लागतो आणि संप्रदानालाही. ‘मी तुला पाहतो’, ‘मी तुला पैसे देतो’, दोन्हीकडे ‘तुला’. जर्मनमध्ये पहिल्यात ‘डिश’, दुसऱ्यात ‘डिर’. मराठी विद्यार्थ्याच्या लिखाणात ही चूक बी-१ नंतरही सापडते आणि तिचं मूळ या ‘ला’मध्ये आहे. उपाय एकच: प्रत्येक क्रियापद त्याच्या विभक्तीसकट वहीत घ्यायचं. ‘हेल्फेन’ (मदत करणे) च्या पुढे ‘डिर’, ‘फ्रागेन’ (विचारणे) च्या पुढे ‘डिश’. तर्क करत बसायचं नाही.

क्रियापदाची जागा दुसरी डोकेदुखी. साध्या वाक्यात ते दुसऱ्या क्रमांकावर, ‘कारण’, ‘की’, ‘जेव्हा’ यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात शेवटी. शेवटचं आपल्याला जमतं. दुसऱ्या क्रमांकाचं घोटवावं लागतं. वाक्य ‘काल’ने सुरू झालं तर क्रियापद ‘मी’च्या आधी येतं: ‘काल गेलो मी मुंबईला’. गप्पांत आपण असं बोलतोही, फक्त तिथे ते बंधन नाही. स्वरांपैकी ‘यू’ आणि ‘ओ’ वर दोन टिंबं असलेले स्वर मराठीत नाहीत. पहिल्यासाठी तोंडात ‘ई’ धरून ओठांचा ‘ऊ’ करा, दुसऱ्यासाठी ‘ए’ धरून ओठांचा ‘ओ’. आरशासमोर दोन आठवडे.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या वाटेने जायचं असेल तर लेखी परीक्षेइतकाच फोनवरच्या बोलण्याचा सराव करा. समोरच्या माणसाचे ओठ दिसत नसले की ए-२चा माणूस ए-१ होतो.

कन्नड: शेजारची

बंगळूरला नोकरी करणाऱ्या मराठी माणसांची हिंदी-इंग्रजीवर वर्षानुवर्षं निभावते, त्यामुळे ही भाषा कोणी मोजतच नाही. खरं तर रोजच्या वापरात लागलीच परतावा देणारी ही निवड आहे, आणि सोलापूर, अक्कलकोट, जत भागात तर बोलायला माणूस दारातच मिळतो.

‘ऊट आय्ता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’, शब्दाला शब्द. ‘ननगे नीरु बेकु’ म्हणजे ‘मला पाणी हवं’. नको असेल तर ‘बेड’. हवं-नको ही जोडी हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, इथे आहे. ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांचीही जोडी आहे: पाणी नाही म्हणजे ‘नीरु इल्ल’, हे पाणी नव्हे म्हणजे ‘इदु नीरु अल्ल’. ‘येतो म्हणून सांगितलं’ मधल्या ‘म्हणून’च्या जागी ‘अंत’ ठेवलं की वाक्य तयार. तूप, अण्णा, अक्का हे शब्द तर दोन्ही घरांत आहेत. लिंग पाठ करायला नको: पुरुष, स्त्री, आणि बाकी सगळं ‘ते’. खुर्चीला लिंग नाही!

बिल येतं क्रियापदावर. मी जातो किंवा जाते, दोन्हींना ‘होगुत्तेने’, पण तो ‘होगुत्ताने’, ती ‘होगुत्ताळे’, ते ‘होगुत्तदे’. आणि हे पुस्तकातलं. बंगळूरच्या रस्त्यावर ‘होगुत्तेने’चं ‘होग्तीनि’ होतं, धारवाडकडे आणखी वेगळं. पुस्तक पाठ करून गेलेल्याला रिक्षावाल्याचं बोलणं कळत नाही ते यामुळे. म्हणून बोली आधी, लिपी दुसऱ्या महिन्यात. क्रम आपल्याच वर्णमालेचा असल्यामुळे लिपीला महिनाभर पुरतो. जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं, तेवढं डोळ्याला सवयीचं व्हावं लागतं. कानासाठी सापळा आखूड आणि लांब ‘ए’, ‘ओ’चा. आखूड ओ घेऊन ‘कोडु’ म्हणजे दे, लांब ओ घेऊन ‘कोडु’ म्हणजे शिंग. मराठी लिपी हा फरक दाखवत नाही, म्हणून देवनागरीत उतरवलेल्या कन्नडवर महिन्याहून जास्त राहू नका.

गुजरातीसारख्या अगदी जवळच्या भाषांची अडचण उलटी असते. समजतं लगेच, म्हणून शिकणं थांबतं. आपल्या हिंदीचं जे झालं तेच होतं: ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ हे शब्द मराठी अर्थाने वापरले जातात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

रोजचा तास कसा घालवायचा

वर्गाची फी भरण्यापूर्वी चौदा दिवस रोज अर्धा तास फक्त ऐका आणि लिपी गिरवा. चौदापैकी निदान दहा दिवसही बसणं झालं नाही, तर अडचण भाषेची नसून दिवसाच्या वेळेची आहे. आधी ती सोडवा.

एक वही तीन रकान्यांची करा. पहिल्यात मूळ वाक्य, दुसऱ्यात त्याचं शब्दशः मराठी, कितीही वेडंवाकडं दिसलं तरी, तिसऱ्यात आपण सहज म्हणू तसं मराठी. दुसरा आणि तिसरा रकाना जिथे जुळतात ती वाक्यं एकदा वाचून सोडून द्या. जिथे फाटतात त्यांच्याखाली लाल रेघ, आणि उजळणी फक्त लाल रेघांची.

शब्दांसाठी आंकीसारखं अंतराअंतराने उजळणी घेणारं ॲप चांगलं, पण नवे शब्द रोज आठ-दहाच्या वर नेऊ नका. पहिल्या उत्साहात रोज तीस घेणाऱ्याच्या पुढ्यात महिन्याभरात रोज दोनशेच्या वर जुनी कार्डं येऊन पडतात आणि ॲप उघडणंच बंद होतं. आठवड्यातून तीनदा श्रुतलेखन करा: एका मिनिटाचा आवाज, पाच वेळा ऐकून लिहायचा, मग मजकुराशी ताडायचा. ऱ्हस्व-दीर्घाची, आखूड-लांबाची चूक इथे उघडी पडते. नुसतं ऐकून ती कधीच कळत नाही. आणि पहिल्या महिन्यापासून आठवड्याला अर्धा तास माणसाशी बोलणं. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा पूर्णपणे पर्याय निवडण्याची आहे, तिच्यात बोलायचा भागच नाही. त्यामुळे एन-३चं, म्हणजे पाच पायऱ्यांपैकी मधल्या पायरीचं, प्रमाणपत्र खिशात असून जपानी पाहुण्याला चहा विचारता येत नाही, असं होऊ शकतं.

त्या परीक्षेचा हिशेब द्यायचा तर असा. भारतात ती साधारणपणे जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. सर्वांत खालच्या एन-५ पायरीला, जुन्या परीक्षेच्या निकषांवरून, सुमारे ८०० शब्द आणि १०० कांजी धरतात. लिप्यांना तीन आठवडे, रोज आठ शब्दांनी ८०० शब्दांना शंभर दिवस, शेवटचा महिना उजळणी आणि जुने पेपर: एकूण पाच महिने. म्हणजे डिसेंबरसाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिरागाना गिरवायला बसायला हवं, आणि परीक्षेची नोंदणी काही महिने आधीच बंद होते, तेव्हा शंभराव्या शब्दाच्या आसपास अर्ज भरून टाकावा.